फुलणारी सक्युलंट्स वर्षानुवर्षं कशी जगवावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुलांनी गच्च भरलेली कलांचोची कुंडी घरी येते, दीड-दोन महिने खिडकी उजळून टाकते आणि मग एके दिवशी केराच्या डब्याशेजारी उभी दिसते. झाड मेलेलं नसतं, नुसती फुलं संपलेली असतात. कलांचो हे सक्युलंट, म्हणजे जाड पानांत-खोडात पाणी साठवणारं झाड. खालचे बहुतेक प्रश्न याच वळणावर विचारले जातात, म्हणून उत्तरांचा भरही फुलं गेल्यानंतरच्या दिवसांवर आहे.

अशी झाडं घरात साधारण किती वर्षं जगतात?

जातीजातीत फार मोठा फरक आहे. श्लुम्बर्गेरा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर फुलणारा चपट्या सांध्यांचा निवडुंग, आजीकडून नातीकडे जाईल इतका जगतो. दगडासारखे दिसणारे लिथॉप्स चाळीस-पन्नास वर्षं काढू शकतात. जाड बुंध्याचं अडेनियम, काटेरी युफोर्बिया मिली आणि मेणासारख्या फुलांचा वेल हॉया हीसुद्धा दशकांच्या हिशेबातली झाडं. पोर्तुलाका किंवा चिनी गुलाब मात्र बहुतेक ठिकाणी एका हंगामाचाच पाहुणा असतो. त्याच्यासाठी जिवाचं रान करू नका, काडी मोडून पुन्हा लावा.

कलांचोची गोष्ट वेगळी. नर्सरीत तो हंगामी फूलझाडासारखा विकला जातो, म्हणून लोक त्याला अल्पायुषी समजतात. प्रत्यक्षात मादागास्करचं हे बहुवर्षायू झाड आहे. आपल्या पानफुटीचा तो सख्खा चुलत भाऊ. पानफुटी मारायची ठरवली तरी मरत नाही हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना कलांचोच्या चिवटपणाचं आश्चर्य वाटणार नाही. नीट सांभाळला तर चार-पाच वर्षं सहज जगतो. फांद्या खुडून नव्याने लावत गेलात तर तेच झाड कितीही वर्षं पुढे नेता येतं.

फुलं सुकली. आता काय करायचं?

सुकलेला तुरा देठासकट कापा, त्याच्या खालच्या पानांच्या पहिल्या-दुसऱ्या जोडीपर्यंत. नुसत्या पाकळ्या खुडून देठ तसाच ठेवला तर झाड बिया धरण्याच्या मागे लागतं. कापल्यावर पाणी थोडं कमी करा, महिनाभर खत देऊ नका. कुंडी बदलायची असेल तर ती आता बदला, फुलावर असताना कधीही नको.

विकत आणलेल्या झाडाची मुळं एकदा जरूर बघा. पुष्कळदा रोपवाटिकेतला, कापडासारख्या जाळीत गुंडाळलेला मातीचा छोटा गोळा मुळांच्या मधोमध तसाच असतो. जाळी सैल करून काढता आली तर काढा. भोवतीची माती बहुधा नुसतं पीट (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची हलकी माती) असते, आणि पीट एकदा कडक वाळलं की वरून ओतलेलं पाणी कडेकडेने निसटून खालून बाहेर येतं. आपल्याला वाटतं पाणी दिलं, झाड मात्र तहानलेलंच. अशी माती शक्य तितकी झटकून नव्या मिश्रणात लावलेलं बरं.

तुरा कापण्याच्या नियमाला अपवाद हॉयाचा. त्याचा फुलांचा दांडा कापू नका. त्याच दांड्यावर तो पुढच्या वेळी फुलतो. कापलात तर तेवढी फुलं तुम्हीच घालवलीत.

सक्युलंट फुललं की मरतं, असं ऐकलं. खरं का?

काहींच्या बाबतीत अगदी खरं. घायपात वर्षानुवर्षं वाढतो, एकदाच उंच दांडा काढतो आणि संपतो. सेम्पर्व्हायव्हम, एओनियम आणि मोठ्या तव्यासारख्या पानांचा कलांचो लुसिए यांचंही तसंच. वाढीचा जो कोंब मधोमध असतो, त्याचाच फुलाचा दांडा होतो. कोंबच फुलाला लागला म्हटल्यावर नवी पानं येणार कुठून? पण झाड हात हलवत जात नाही. बुडाशी पिल्लं सोडून जातं. एओनियममध्ये ज्या फांदीला फूल आलं तेवढीच जाते.

एचेव्हेरियाचा दांडा मात्र पानांच्या बगलेतून निघतो, मधला कोंब शाबूत राहतो, म्हणून ते दरवर्षी फुलून जिवंत राहतं. तेव्हा घाबरण्याआधी दांडा कुठून निघालाय ते बघा. बाजूने असेल तर निश्चिंत राहा. एखाद्या रोझेटचं, म्हणजे पानांच्या गुलाबासारख्या चक्राचं, केंद्रच उंच होऊ लागलं, पानं वर जाताना लहान होत गेली, तर पिल्लं शोधायला लागा. दांडा लवकर कापून मरण टळेल अशी आशा बरेच जण धरतात. एकदा कोंब फुलाकडे वळला की तो सहसा मागे फिरत नाही.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

या प्रश्नाला दिवसांत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकच झाड मातीच्या छोट्या कुंडीत, उन्हाच्या खिडकीत पाच दिवसांत कोरडं होतं आणि प्लास्टिकच्या कुंडीत, आतल्या कोपऱ्यात तीन आठवडे ओलं राहतं.

मी स्वतः पहिला कलांचो मारला तो रोज दोन चमचे पाणी घालून. थोडं थोडं पाणी म्हणजे काळजी, असा माझा समज होता. वरचा इंचभर थर कायम ओला, खालची मुळं कोरडी, आणि देठाचा बुडखा सतत भिजलेला. तो महिन्याभरात काळा पडला.

हिशेब असा ठेवा: पाणी द्याल तेव्हा भरपूर, भोकातून वाहेपर्यंत द्या, आणि मग माती खोलवर वाळेपर्यंत हात लावू नका. लाकडी काडी बुडापर्यंत खुपसून पाहा. माती चिकटून आली तर थांबा. त्याहून सोपं म्हणजे कुंडी उचलून वजन बघणं. चार-पाच वेळा उचललीत की हाताला आपोआप कळू लागतं. बशीत साठलेलं पाणी ओतून द्या. बाहेरच्या शोभेच्या कुंडीला भोक नसेल तर पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढा, निथळल्यावर परत ठेवा. चमकदार कागदात गुंडाळून आलेल्या कुंडीचा कागद पहिल्याच दिवशी काढून टाका, त्यात तळाशी डबकं होतं.

ही झाडं इतकं कमी पाणी का वापरतात, याचं कारण मोठं गमतीचं आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, तेव्हा हवा आत येते आणि पाणी बाहेर जातं. कलांचो-एचेव्हेरियाच्या कुळाने यावर युक्ती काढली: छिद्रं रात्री उघडायची, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं बंद करून उन्हात त्याची साखर करायची. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत ती चव जाते, ही नोंद बेंजामिन हाइन या निसर्ग-अभ्यासकाने भारतात पानं चाखून केली होती. ती १८१५ साली छापून आली. त्या आंबटपणामागे हेच साठवलेलं आम्ल. सांगायचा मुद्दा, दिवसभर दारं लावून बसलेल्या झाडाला तुमचं पाणी संपवायला वेळ लागतो.

श्लुम्बर्गेराला मात्र हा सगळा नियम जसाच्या तसा लावू नका. तो वाळवंटातला नव्हेच. आग्नेय ब्राझीलच्या डोंगरातल्या ओलसर जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढतो. त्याची माती वरून दोन-तीन सेंटीमीटर वाळली की पाणी द्या. महिनोन्महिने कोरडा ठेवला तर सांधे लोंबकळतात.

पानं सुरकुतली आहेत. पाणी कमी झालं की जास्त?

इथेच सर्वाधिक झाडं मरतात. सुरकुतलेलं पान बघून माणूस पाणी घालतो. पण मुळं कुजली असतील तरीही पानं सुरकुततात, कारण पाणी वर चढवायला कुणी उरलेलंच नसतं. म्हणून पान बघण्याआधी माती बघा. माती कोरडी, कुंडी हलकी, पानं पातळ आणि वाकणारी, तर तहान आहे. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत पानं भरतात. माती ओली आणि तरी पानं सुरकुतलेली, तर कुज आहे. खालची पानं पिवळी, पारदर्शक, बोट लावताच गळणारी झाली, तर मग शंकाच नको. अगदी तळाचं एखादं पान कागदासारखं वाळलं तर मात्र काही बिघडलेलं नाही, जुनं पान जायचंच.

कुजायला लागलेलं झाड वाचतं का?

देठ टणक असेल तर पुष्कळदा वाचतं. झाड कुंडीतून काढा, माती झाडून टाका, तपकिरी आणि बुळबुळीत मुळं पांढऱ्या भागापर्यंत कापा. सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस तसंच उघडं पडू द्या. यात धीर सुटतो खरा, पण जखम वाळल्याशिवाय लावलं तर कुज परत येते. मग कोरड्या, नव्या मिश्रणात लावून आठवडाभर पाणी देऊ नका.

देठच काळा पडला असेल तर वरून खाली काप घेत जाण्याऐवजी खालून वर जा, काप पूर्ण हिरवा आणि स्वच्छ दिसेपर्यंत. मध्यभागी एक तपकिरी ठिपका राहिला तरी आणखी कापा. वरचा शेंडा वाळवून नव्याने लावा. सुरी दर कापानंतर स्पिरिटने पुसा.

माती आणि कुंडी कशी असावी?

निम्मी साधी कुंडीची माती किंवा कोकोपीट-गांडूळखत, आणि निम्मं पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), जाडसर रेती किंवा विटांचे बारीक तुकडे. बारीक मऊ वाळू नको, ती मातीची छिद्रं बुजवते. श्लुम्बर्गेरासाठी पालापाचोळ्याचं खत जास्त घाला. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर मोठी. मोठ्या कुंडीतली रिकामी माती ओली राहते आणि मुळांना ते बाधतं.

तळाशी खडे घालून निचरा सुधारतो ही जुनी समजूत सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खाली खड्यांच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, वरच अडून राहतं. म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो.

उजेड किती लागतो?

आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त. खिडकीपासून दीड-दोन मीटरवर आपल्या डोळ्यांना खोली उजळ दिसते, झाडाला ती अंधारी असते. फुलं असताना कलांचो टेबलावर मिरवायला हरकत नाही, पण नंतर त्याची जागा खिडकीतच. रोज तीन-चार तास सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम. अडेनियम आणि युफोर्बियाला याहून कितीतरी जास्त ऊन लागतं; त्यांना घरातली सर्वांत उन्हाची जागा द्या. श्लुम्बर्गेराला प्रखर ऊन सोसत नाही, सांधे तांबूस होतात. सावलीतलं झाड एकदम कडक उन्हात नेलं तर पानं भाजतात आणि तो डाग जन्मभराचा. दहा-पंधरा दिवसांत हळूहळू सरकवा.

एकदा फुलला तो फुलला, पुढे नुसती पानंच. पुन्हा कसा फुलवायचा?

कलांचो आणि श्लुम्बर्गेरा दोघेही रात्र मोजतात. रात्र पुरेशी लांब झाली की कळ्या धरायच्या, असा त्यांचा ठराव. घरात अडचण अशी की आपण सूर्य मावळल्यावर दिवे लावतो, आणि झाडाच्या दृष्टीने रात्र होतच नाही.

उपाय खर्चाचा नाही, चिकाटीचा आहे. संध्याकाळी पाच वाजता कुंडी कपाटात ठेवा किंवा वर खोका उपडा घाला, सकाळी सातला बाहेर काढून उजेडात ठेवा. रोज चौदा तास अंधार, सलग सहा आठवडे. दिवसाचा उजेड चांगला हवा, नाहीतर नुसत्या अंधाराने काही होत नाही. कळ्या दिसू लागल्या की खोका बंद. अंधार सुरू केल्यापासून फुलं उमलायला अडीच-तीन महिने लागतात. श्लुम्बर्गेराला बारा ते चौदा तास पुरतात, आणि रात्री गारवा असेल, दहा ते पंधरा अंश सेल्सियस, तर तो अंधाराबद्दल इतका काटेकोर राहत नाही. रात्री फार गरम असतील तर दोघेही कळ्या धरायला उशीर करतात.

आणि हो, अंधार म्हणजे सलग अंधार. मध्यरात्री काही मिनिटं दिवा लागला तरी झाड ती रात्र दोन छोट्या रात्री धरतं. एका वर्षी माझा खोका बाजूने फाटलेला होता आणि समोरच जिन्यातला दिवा. सहा आठवड्यांची मेहनत त्या फटीतून गेली.

एचेव्हेरिया, युफोर्बिया आणि अडेनियम यांच्यासाठी हा खटाटोप नको. त्यांना ऊन हवं. ती फुलत नसतील तर दहातल्या नऊ वेळा उजेडच कमी पडलेला असतो. लिथॉप्स मात्र वयात यावे लागतात, बियांपासून तीन ते पाच वर्षं.

कळ्या आल्या आणि उमलण्याआधीच गळल्या. का?

तुम्ही कुंडी हलवलीत, असं मी डोळे मिटून सांगेन. श्लुम्बर्गेरा यात फार नखरेबाज. कळ्या धरल्यावर जागा बदलली, उजेडाची बाजू फिरली, दार उघडताच थंड झोत आला किंवा माती एकदम कोरडी पडली की तो कळ्या टाकून देतो. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्यापासून उमलेपर्यंत त्याला आहे तिथेच राहू द्या.

आलेली फुलं जास्त दिवस कशी टिकतील?

विकत घेताना सगळी फुलं उमललेलं झाड न घेता, बऱ्याच कळ्या मिटलेल्या आणि थोड्याच उघडलेल्या, असं झाड घ्या. घरात पंधरा ते वीस अंशांची, दुपारच्या उन्हापासून दूरची जागा द्या. फुलांवर पाणी फवारू नका. आणि पिकत असलेल्या फळांच्या टोपलीशेजारी कुंडी ठेवू नका: फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कलांचोची फुलं त्याने मिटून जातात. फुलझाड म्हणून टेबलावर नेमकी तीच जागा मिळते, हे दुर्दैव.

खत?

थोडं. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं, ओल्या मातीत. नत्र जास्त असलेलं खत पानं फुगवतं, फुलं देत नाही. विश्रांतीच्या काळात, आजारी असताना आणि नुकतीच कुंडी बदललेली असताना अजिबात नको.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतंय.

पिठ्या ढेकूण. सर्वांत आधी ती कुंडी इतरांपासून दूर न्या. कापसाचा बोळा सत्तर टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक कीड टिपा, आणि दर पाच-सहा दिवसांनी महिनाभर पुन्हा बघा, कारण अंडी एका फेरीत जात नाहीत. अल्कोहोल लावल्यावर झाड उन्हात ठेवू नका. काही ढेकूण मुळांवर राहतात; झाड विनाकारण खंगत असेल तर कुंडीतून काढून मुळं पाहा. फुलांच्या कोवळ्या देठावर मावाही येतो, तो पाण्याच्या धारेने धुऊन जातो. कलांचोच्या पानांवर पिठासारखा पातळ थर दिसला तर ती भुरी नावाची बुरशी, हवा खेळती ठेवा.

दुकानात निवडुंगावर रंगीत फुलं होती. महिने झाले, तशीच आहेत!

मग ती चिकटवलेली आहेत. वाळलेली, कागदासारखी फुलं गरम डिंकाने निवडुंगाच्या डोक्यावर बसवतात. खालचं झाड जिवंत असतं; हलक्या हाताने फूल सुटलं तर काढा, नाहीतर झाड वाढताना ते आपोआप सुटेल.

हिरव्या खोडावर लाल किंवा पिवळा गोळा असेल तर तेही फूल नव्हे. तो हरितद्रव्य नसलेला निवडुंग आहे, दुसऱ्यावर कलम केलेला. स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही. खालचं खोड आणि वरचा गोळा यांची वाढ जुळत नाही आणि काही वर्षांत जोडी फुटते. यात तुमची चूक नसते.

कलांचो उंच आणि बोडका झालाय. आणला तेव्हा कसा गुटगुटीत होता.

तो गुटगुटीतपणा बऱ्याच अंशी औषधाचा होता. उत्पादक वाढ रोखणारी रसायनं वापरतात. त्यांचा असर ओसरला की झाड आपल्या मूळ अंगावर जातं. त्यात उजेड कमी पडला की आणखी ताणतं.

निम्म्यावर छाटा. सात-आठ सेंटीमीटरचे शेंडे घ्या, खालची पानं काढा, दोन-तीन दिवस वाळू द्या आणि किंचित ओलसर मिश्रणात खोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. एका कुंडीत तीन-चार शेंडे लावले की पुन्हा भरगच्च दिसतं. जुन्या खोडावरही नवे कोंब फुटतात, पण दर दोन-तीन वर्षांनी शेंड्यांवरून नवी कुंडी करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. श्लुम्बर्गेराचे दोन-तीन सांधे पिळून काढले आणि खोचले तरी लागतात.

घरात मांजर आहे, लहान मूल आहे. धोका कशाचा?

कलांचो कुत्र्या-मांजरांना विषारी आहे, त्यातली द्रव्यं हृदयावर परिणाम करतात. अडेनियमचा चीक त्याहून जहाल. आफ्रिकेत तो बाणांना लावत. युफोर्बियाचा पांढरा चीक कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर गंभीर इजा करतो, छाटताना हातमोजे आणि चष्मा घाला. श्लुम्बर्गेरा, एचेव्हेरिया आणि हॉवर्थिया यांची भीती नाही.

ब्रह्मकमळाचं फूल एका रात्रीहून जास्त टिकवता येईल का?

नाही. घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला निवडुंग, एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. निवडुंगाचं फूल अंधार पडल्यावर उमलतं आणि पहाटेपर्यंत मान टाकतं. झाड मात्र दीर्घायुषी आहे. श्लुम्बर्गेरासारखंच जंगलातलं, तेव्हा भुसभुशीत माती, गाळलेलं ऊन आणि मुळं जरा दाटलेली कुंडी त्याला मानवते. आपण ज्याला पान म्हणतो तो खरं तर चपटा झालेला देठ. त्याचा वीतभर तुकडा आठवडाभर वाळवून लावला तर मुळं फुटतात, आणि पहिली कळी यायला बहुधा दोन-तीन वर्षं लागतात. कळी लोंबकळून मग टोक वर उचलू लागली की त्या आठवड्यात रात्री लवकर झोपू नका.